मापाचे हातमोजे

पानिपत हे मराठी माणसाच्या तोंडी गावाचे नाव म्हणून क्वचितच येते. कुणाचा धंदा बुडाला, कुणाचा बेत फसला, की त्याचे पानिपत झाले असे म्हणून आपण पुढच्या विषयाकडे वळतो. ते गाव दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, मोठ्या हमरस्त्यावर सुखाने नांदते आहे, तेथे कांबळी, सतरंज्या आणि पडदे विणले जातात, परदेशांतून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांचे तेथे पुन्हा सूत निघते, आणि तेथलीही पोरे संध्याकाळी फुटबॉल खेळतात, हे आपल्या सहसा ध्यानी येत नाही. माझ्याही आले नसते. परंतु माझी धाकटी बहीण गेली काही वर्षे त्या गावी राहते. तिचे यजमान तेथील तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरीस आहेत, आणि वसाहतीच्या मैदानावर तिचा नऊ वर्षांचा मुलगा गोलरक्षक म्हणून उभा राहतो. त्याच्या हातमोज्यांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. हकीकत लहानशी आहे. पण तिच्यातली चूक माझी आहे, आणि तीच चूक मी पुष्कळ सुजाण घरांतून पाहिली आहे.

माझे बालपण कोल्हापुरात गेले. त्या शहरात फुटबॉल हा कुस्तीच्या पाठीला पाठ लावून आलेला खेळ आहे. संघांची नावे पाहिली तरी ते कळते: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर दोन पेठांची गाठ पडली म्हणजे घरातली वडीलधारी माणसेदेखील दुपारची झोप सोडून उठतात. आम्ही पोरे मात्र मोकळ्या हातांनी चेंडू अडवीत असू. थंडीच्या दिवसांत कुणी आजीने विणलेले लोकरीचे हातमोजे घालून आला, तर त्याच्या हातून चेंडू माशासारखा निसटे आणि त्याची यथेच्छ टर उडे. तेव्हा बहिणीचा दूरध्वनी आला, की भाच्याला गोलात उभे केले आहे आणि त्याला हातमोजे हवे आहेत, तेव्हा मामाची छाती साहजिकच फुगली. पुण्याहून उत्तम हातमोजे मीच धाडीन, असे मी तिला सांगून टाकले.

मापाविषयी मी अगदीच अडाणी नव्हतो. एक नियम कुठेतरी ऐकला होता. अंगठा वगळून, बोटांच्या बुडाशी जी हाडांची उंचवट्याची रांग असते तिच्यावरून, पंजाभोवती शिंप्याची फीत फिरवावी. जे माप येईल ते पुढच्या पुऱ्या इंचापर्यंत वाढवावे. आणि त्यात एक मिळवावा. तो हातमोज्याचा नंबर. बहिणीने फीत फिरवून सांगितले, सव्वासहा इंच. मी सव्वासहाचे सात केले, साताचे आठ केले. दुकानदाराने ८ नंबरचा जोड पुढे ठेवला, तेव्हा तो मला क्षणभर मोठा वाटला. पण नियम पाठीशी होता, आणि नियमाहूनही बळकट असा आपला घरोघरचा विचार पाठीशी होता. वाढते अंग आहे, दोन वर्षे तरी पुरतील. गणवेशाची चड्डी, पायातले बूट, लग्नातला कोट, सारे आपण याच हिशेबाने घेत आलो. जोड टपालाने गेला. भाच्याने मोबाइलवर हात नाचवून आनंद दाखविला आणि मी कृतार्थ झालो.

त्यानंतरच्या जानेवारीत मी पानिपतास गेलो. १४ तारखेस, १७६१ च्या त्या दिवसाच्या स्मरणाने, काला अंब येथे जावे असे पुष्कळ दिवसांपासून मनात होते. त्या ओसाड वाटणाऱ्या जागी उभ्या असलेल्या स्तंभाविषयी बोलावयाचे तर निराळे भाषण करावे लागेल. ते राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याचा खेळ पाहावयास गेलो. धुके इतके दाट होते की अर्ध्या मैदानापलीकडचा गोल दिसत नव्हता. जमीन गोठून विटेसारखी टणक झाली होती. आणि त्या धुक्यात माझा भाचा मी धाडलेले मोजे घालून उभा होता. मोज्यांची टोके त्याच्या बोटांपुढे रिकामी लोंबत होती, वाळलेल्या शेंगांसारखी.

पहिला चेंडू त्याच्या दोन्ही पंजांत आला आणि निसटून मागे गेला. दुसऱ्याला त्याने हात लावला, पण मोजा हातावर फिरला आणि तळव्याचा भाग बाजूला आला. तिसरा चेंडू अंगठ्याच्या रिकाम्या टोकावर आदळला. रिकामे टोक मागे वळले आणि त्याने आतल्या अंगठ्यालाही मागे ओढले. पोरगा रडला नाही. खेळ संपल्यावर मोजे काढून त्याने हात खिशांत घातले, ते घरी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

रात्री जेवताना बहिणीच्या लक्षात आले, की तो डाव्या हाताने घास घेतो आहे. अंगठ्याच्या बुडाशी सूज होती. तिने विचारले, तेव्हा तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मोजे चांगले आहेत. माझे हातच बरोबर नाहीत. बॉल हातात येतो, पण राहत नाही.”

मोजे मामाने दिलेले. त्यांना नाव कसे ठेवावे? तेव्हा दोष हातांचा. नऊ वर्षांच्या पोराने कित्येक आठवडे हा निष्कर्ष मनात बाळगला होता, आणि गोलात उभे राहणे सोडावे अशा बेताला तो येऊन ठेपला होता. अंगठ्याची सूज आठ-दहा दिवसांनी उतरली. डॉक्टरांनी तपासून नुसती मुरगळ असल्याचे सांगितले. पण हे वाक्य माझ्या मनातून काही उतरेना. मग मी या विषयाच्या मागे लागलो आणि जे कळले, ते आपणांपुढे ठेवतो.

मुळात गोलरक्षकाला मोजा हवा कशाला? हात झाकण्यासाठी नव्हे, तर मुख्यत्वे चेंडू धरण्यासाठी. इंग्लंडात विल्यम साइक्स नावाच्या गृहस्थाने १८८५ साली गोलरक्षकाच्या कातडी मोज्यांचे पेटंट घेतले होते. तरी पुढची ऐंशी-नव्वद वर्षे बहुतेक गोलरक्षक उघड्या हातांनीच खेळले, आणि पाऊस असला तरच साधे सुती वा लोकरी मोजे चढवीत. १९७० साली मेक्सिकोच्या विश्वचषकात इंग्लंडच्या गॉर्डन बँक्सने पेलेचा डोक्याने मारलेला चेंडू अशक्य वाटावा असा अडविला, तेव्हा त्याच्या हातांत मोजे होते. १९७४ साली पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला. त्या संघाच्या सेप मायरचे भलेमोठे पंजे पाहून जगभरच्या पोरांना मोज्यांचे वेड लागले. आजच्या मोज्याच्या तळव्यावर रबराच्या चिकापासून केलेला मऊ फेस असतो, साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा. त्याला लॅटेक्स म्हणतात. हा फेस चेंडूला चिकटल्यासारखा धरतो आणि त्याचा वेग थोडा गिळतो.

एवढे ध्यानात आले, की मापाचे मर्म आपोआप उमगते. फेस चेंडूला धरील. पण फेसाला कोण धरणार? आतले बोट. बोट आणि फेस यांत अंतर पडले, की चेंडू मोज्याला चिकटतो आणि मोजा हातावरून सरकतो. मग पकड उत्तम असूनही चेंडू सुटतो. माझ्या भाच्याचे गाऱ्हाणे शब्दशः खरे होते: चेंडू येत होता, पण राहत नव्हता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मुलाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक कोवळा थर असतो. हाड लांबीने वाढते ते तेथूनच. हा थर शेजारच्या सांधे बांधणाऱ्या बंधांपेक्षा दुबळा असतो. म्हणून मोठ्या माणसाचे जेथे नुसते मुरगळते, तेथे मुलाच्या वाढीच्या थरालाच इजा होऊ शकते. अंगठ्याचे बूड आणि मनगट ही गोलरक्षकाची दोन नाजूक ठिकाणे होत. तेव्हा मुलाचे बोट किंवा मनगट सुजले, दाबून दुखू लागले, तर ते ओढून बसविण्याच्या अगर चोळण्याच्या भानगडीत न पडता डॉक्टरांकडे न्यावे. हळदीचा लेप आजीच्या समाधानासाठी लावावयास हरकत नाही. पण चोळणे नको, आणि ओढणे तर मुळीच नको.

मोजा हाड मोडण्यापासून वाचवितो, असाही एक समज आहे. तो मोजा खरचटण्यापासून वाचवितो, थोडा मार कमी करतो. त्यापलीकडे त्याच्यावर भिस्त ठेवू नये. मनगटाचा प्रश्न मोज्याइतकाच चेंडूचाही आहे. २००१ साली इंग्लंडमधील काही डॉक्टरांनी क्रीडावैद्यकाच्या एका ब्रिटिश नियतकालिकात बाल गोलरक्षकांच्या मनगटांच्या अस्थिभंगांविषयी लिहिले, आणि मुलांना त्यांच्या वयाच्या मापाचाच चेंडू द्यावा, असे आग्रहाने सुचविले. मोठ्यांचा चेंडू ५ नंबरचा असतो. त्याचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४ नंबरचा असतो, साधारण ३५० ते ३९० ग्रॅमचा. त्याहून लहानांसाठी ३ नंबरचा. पानिपतच्या त्या मैदानावर नऊ वर्षांची मुले ५ नंबरने खेळत होती, कारण तोच चेंडू घरी होता. तोही पुढे चालेल म्हणून घेतलेला.

वयाप्रमाणे साधन, ही गोष्ट पानिपतास तरी कुणी शिकवावयास नको होती. त्या गावी शिवाजी महाराजांच्या नावाचे एक स्टेडियम आहे. जवळच्या खंडरा गावचा नीरज चोप्रा हा मुलगा वजन उतरवावे म्हणून पानिपतास येऊ लागला आणि त्या स्टेडियमवर त्याच्या हाती भाला आला. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत त्याने ८७.५८ मीटर भाला फेकून ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले, तो भाला ८०० ग्रॅमचा. पण अठरा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धेतला भाला ७०० ग्रॅमचा असतो, आणि त्याहून लहानांसाठी आणखी हलके भाले असतात. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती ८०० ग्रॅमचा भाला, पुढे कामी येईल म्हणून, कोणी देत नाही. दिला तर त्याचा खांदा बिघडेल हे उघड दिसते. मोज्याने होणारे नुकसान असे उघड दिसत नाही, एवढाच फरक.

आता मापाकडे येऊ. त्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी भाच्याला घेऊन मी हमरस्त्यालगतच्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. मी माझ्या हिंदीत ‘हात के मोजे’ मागितले. दुकानदाराने नम्रपणे पायमोजे काढून दाखविले. हिंदीत मोजे पायांत घालतात. हातांतल्यांना दस्ताने म्हणतात, हे भाच्याने मला हळूच सांगितले. हा पहिला खुलासा झाल्यावर दुसरा झाला. दुकानदार म्हणाला, इंचांत एक मिळवावयाचा हिशेब मोठ्या माणसांसाठी ठीक आहे, लहानांच्या हाताला तो बहुधा मोठाच पडतो. आणि ते खरे निघाले. त्या नियमाप्रमाणे भाच्याचा नंबर ८. पण ८ पासून तर प्रौढांची मापे सुरू होतात! वयाच्या तक्त्यात पाहावे, तर सात ते नऊ वर्षांस ५ नंबर आणि नऊ ते अकरा वर्षांस ६ नंबर, अशी काहीशी वाटणी. आणि ती प्रत्येक कारखानदाराची थोडी निराळी. एकाचा ६ दुसऱ्याच्या साडेपाचाएवढा असतो. तेव्हा फितीचा आकडा आणि वयाचा तक्ता, दोन्ही फक्त दुकानातल्या योग्य कपाटापर्यंत पोहोचवितात. निर्णय हातात मोजा चढवून करावा लागतो.

तो कसा करावा, हे मला नीट सांगितले पाहिजे, कारण सारा विषय येथेच आहे.

फितीने दोन मापे घ्यावीत. एक पंजाचा घेर, मघाशी सांगितला तसा, अंगठा सोडून. आणि दुसरे पंजाची लांबी, मनगटाच्या पहिल्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. काही मुलांचा पंजा रुंद आणि बोटे आखूड असतात, काहींचे उलट. एकट्या घेरावर विसंबले तर दुसऱ्या जातीची मुले नेहमी फसतात. मापे चेंडू खेळणाऱ्या, म्हणजे बहुधा उजव्या हाताची घ्यावीत. दोन हातांत किंचित फरक असला, तर मोठ्या हाताचे माप धरावे. थंडीच्या प्रदेशात आत पातळ लोकरी मोजा घालण्याची मुलांना हौस असते. माप घेताना तो काढून ठेवावा. आत लोकर, वर लॅटेक्स अशा दुहेरी थरात बोट आणि चेंडू यांची ओळखच राहत नाही.

मग मोजा चढवावा आणि मनगटाचा पट्टा बांधावा. मुलाला बोटे सरळ ताणून फाकवावयास सांगावे. आता दुसऱ्या हाताच्या चिमटीने प्रत्येक बोटाचे टोक चाचपावे. बोटाच्या पुढे अर्ध्या ते एक सेंटीमीटरची रिकामी जागा असावी. जागा मुळीच नसली, तर चेंडू टोकावर आदळताच बोटाचे नख आणि मोज्याची शिवण दोन्ही कुरकुरतात, आणि काही आठवड्यांत शिवण फाटते. तसा घट्ट मोजा थंडीत बोटे बधिरही करतो. जागा दीड-दोन सेंटीमीटर असली, तर माझ्या भाच्याच्या अंगठ्याचे जे झाले ते व्हावयास वेळ लागत नाही. अंगठा मात्र विसरू नये. लोक चार बोटे चाचपतात आणि अंगठा सोडतात.

त्यानंतर बोटांच्या बेचकीत पाहावे. मोज्याची बेचकी हाताच्या बेचकीला भिडली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली, तर मोजा लांबीने मोठा आहे असे समजावे. मुलाला मूठ वळवावयास सांगावे: तळव्यावर एखादी वळी पडणारच, पण फेसाची घडीवर घडी पडू नये. मग पट्टा. तो मनगटाभोवती फिरून आपल्या जागी चिकटला पाहिजे; टोक पुन्हा वळून हाताच्या पाठीवर येऊ लागले, तर मनगट मोज्यात डुलते आहे. शेवटी त्याच्या मापाचा चेंडू, ५ नंबरचा नव्हे, त्याच्या हाती द्यावा, दोन पावलांवरून हलकेच फेकावा आणि त्याचे तोंड पाहावे. मुलांना मोजा बसला की नाही हे आपल्याआधी कळते. फक्त मामा समोर उभा असला तर ती बोलत नाहीत.

बोटांच्या शिवणीचेही प्रकार असतात. काही मोज्यांत शिवण बाहेरून असते आणि बोटाला ऐसपैस जागा मिळते. काहींत ती आतून असते आणि मोजा बोटाला लपेटून बसतो. काहींत फेसच बोटाभोवती गुंडाळलेला असतो. बारीक बोटांच्या मुलाला आतल्या शिवणीचा मोजा बरा पडतो, असे मला वाटते. काही मोज्यांच्या बोटांत मागच्या बाजूस प्लॅस्टिकच्या काड्या घातलेल्या असतात, बोट मागे वळू नये म्हणून. याविषयी जाणत्यांत एकमत नाही. माझे मत विचाराल, तर दहा-बारा वर्षांच्या आतील मुलाला त्या नकोत. काडीने बोट ताठ राहते आणि चेंडूभोवती वळण्याची बोटांची सवय मागे पडते. ही सवय लागण्याचे वय तेच आहे. दोन्ही हातांचे अंगठे जवळ आणून, बोटे फाकवून, चेंडूच्या मागे हात नेणे ही विद्या मोजा देत नाही. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी भारताचे कर्णधारपद भूषविले, १९९७ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांच्या पिढीच्या बाळपणी आजच्यासारखे मोजे भारतात कुठून असणार? हात आधी, मोजा मागून.

किमतीविषयी थोडे. उंची मोज्याचा फेस अतिशय मऊ असतो. तो हिरवळीवर खेळणाऱ्या व्यावसायिकासाठी. आपल्या बहुतेक मुलांची मैदाने मातीची, खडीची. तेथे असा फेस दोन महिन्यांत सोलून निघतो. मुलासाठी जरा कठीण, टिकाऊ फेसाचा साधा जोड पत्करावा, आणि वाचलेले पैसे पुढचा नंबर घेण्यासाठी राखावेत. दोन वर्षांसाठी एक मोठा महागडा जोड घेण्यापेक्षा दर वर्षी एक बेताचा, मापाचा जोड घेणे स्वस्तात पडते. काटकसर करावयाची तर ती अशी. पानिपतासारख्या गावी तर सोय चांगलीच आहे. १९४७ साली सियालकोटचे खेळाचे सामान बनविणारे कारागीर फाळणीत निर्वासित होऊन आले, आणि त्यांतल्या पुष्कळांनी जालंधर व मेरठ येथे आपला धंदा पुन्हा उभा केला. मेरठ पानिपताहून यमुना ओलांडली की फार दूर नाही. उलट सियालकोट आजही या धंद्याचे मोठे केंद्र आहे. एकाच गावातून निघालेली ही कला सीमेच्या दोन्ही बाजूंस मुलांचे हात झाकते आहे, हे त्या दुकानात उभे असताना मनात आल्यावाचून राहिले नाही.

आणि मोज्याची निगा. नवा जोड पहिल्यांदा वापरण्यापूर्वी कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावा. फेसावरचे कारखान्यातले द्रव्य निघून जाते आणि पकड खुलते. खेळताना तळवा किंचित ओलसर असावा. कोरडा फेस निसटतो आणि लवकर झिजतो. खेळ झाल्यावर माती धुऊन, न पिळता, सावलीत वाळवावा. उन्हात नाही, शेगडीपाशी नाही, हीटरसमोर तर नाहीच. उत्तर हिंदुस्थानातल्या मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर टाकलेला मोजा संध्याकाळी पापडासारखा कडकडतो. उठताना हाताच्या तळव्यावर भार देऊन उठू नये. मूठ टेकून उठावे. ही सवय मुलांना चार दिवसांत लागते.

त्या दुकानात भाच्याला ५ नंबरचा जोड टोकांशी घट्ट झाला, ७ नंबरचा डुलला, आणि ६ नंबरचा बसला. त्याने मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. दुकानदाराने काउंटरमागून ४ नंबरचा चेंडू फेकला. तो मोज्यांत आला आणि राहिला. पोराने आधी चेंडूकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. मी चेंडूचेही पैसे दिले.

८ नंबरचा जोड वसाहतीतल्या एका चौदा वर्षांच्या मुलीकडे गेला. तीही गोलात उभी राहते, आणि तिला तो अगदी मापाने बसला. हरियाणात भिवानी जिल्ह्यातले अलखपुरा हे गाव मुलींच्या फुटबॉलसाठी नावाजलेले आहे. तेथील मुलींची नावे तिला पाठ आहेत, ती मी तिच्याच तोंडून ऐकली.

दूरच्या नातलगांनी भेट धाडावयाची असेल, तर एक सोपा उपाय आहे. तो मला त्या दुकानदारानेच शिकविला. मुलाचा पंजा कोऱ्या कागदावर, बोटे किंचित फाकवून, टेकवावा. पेन्सिल उभी धरून सभोवार रेघ काढावी. मनगटाच्या वळीची जागा खुणेने दाखवावी आणि तारीख घालावी. हा कागद दुकानात मोज्यावर ठेवून पाहिला, की आकड्यांनी होणारी निम्मी फसवणूक टळते. दर तीन-चार महिन्यांनी नवा कागद करावा. मुलांचे हात सावकाश वाढतात, मग अचानक एखाद्या ऋतूत भराभर वाढतात. नजरेला ते कळत नाही, रेघेला कळते.

एप्रिलमध्ये पानिपताहून एक पाकीट आले. आत पंजाची आकृती होती, तारखेसकट, मधल्या बोटाशी बाण काढून भाच्याने लिहिले होते, “२ मि.मी. वाढले. मोजे अजून होतात.” कागद मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. पुढचा जुलैत यावयाचा आहे.